दुसऱ्यांच्या नावाची भांडी

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण घरात विचारला की सगळे हसतात, म्हणून इथं विचारते.

माझं वय ७४. लग्न होऊन सांगलीत आले ती गावभागातल्या वाड्यात. सहा बिऱ्हाडं, मधे चौक, चौकात एक नळ. २०१९ च्या पुरानंतर मुलानं काही ऐकलं नाही, विश्रामबागेत आणून ठेवलं. आता त्याच्याच इमारतीत एका खोलीची जागा रिकामी झाली आहे, तिथं जायचं चाललंय. जागा लहान, म्हणून माळा आवरायला काढला. पोत्यांत बांधलेली भांडी निघाली. चिंच लावून घासली आणि नावं वाचत बसले, तर निम्म्या भांड्यांवर आमचं नावच नाही!

काही कशी आली ते मला ठाऊक आहे. शेजारणीकडून वाटीतून काहीतरी यायचं, वाटी आपल्याकडं राहायची, तोवर आपली वाटी तिसरीकडं गेलेली असायची. बाकीची पुरातली. २०१९ ला नागपंचमी सोमवारी, ५ ऑगस्टला होती. दिंडं उकडून झाली होती, आणि नदी चढत होती. २००५ चं पाणी भिंतीवर कुठवर आलं होतं ती खूण आम्हा सगळ्यांच्या डोक्यात पक्की, त्या हिशेबानं सामान वरच्या फळीवर चढवलं. आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे सांगलीतल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. फळी कुठली आणि काय कुठलं. ओसरल्यावर सहाही बिऱ्हाडांची भांडी चौकातल्या गाळात एकत्र सापडली. एकाच नळावर आम्ही सगळ्याजणी धूत होतो, आणि जिच्या हाताला जे लागलं ते तिच्या पोत्यात गेलं. नावं वाचायला कुणाला सवड होती!

त्यातली दोन बिऱ्हाडं आता कुपवाडला आहेत, एक पुण्याला, एक माधवनगरला. एकाचा पत्ताच नाही.

तर विचारायचं हे, की भांडी परत करावीत का? आणि करायची तर रिकामी कशी द्यायची? आमच्याकडं रिकामं भांडं परत देत नाहीत.

पुण्यात_अडकलेला
काकू, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पितळेला मोडीत चांगला भाव आहे. ज्यांची आहेत त्यांना सात वर्षांत आठवण झाली नाही, म्हणजे नको आहेत. मोडीत घाला आणि त्या पैशांत एक चांगला कुकर घ्या.

खमंग_भडंग
वरच्या प्रतिसादाचा निषेध. हा माणूस पुण्यात अडकलेला नाही, पुण्यानं त्याला ठेवून घेतलाय.

मिरजमेल
रिकामं भांडं परत देऊ नये याला संपूर्ण सहमती. पण मिरजकरांचा अनुभव वेगळा आहे. २०१६ च्या दुष्काळात आम्ही लातूरला रेल्वेनं पाणी पाठवलं. वाघिणी भरून गेल्या आणि प्रत्येक खेपेला रिकाम्या परत आल्या. निदान वाटीभर तूरडाळ तरी घालायची!

लातूरची_लेक
@मिरजमेल, डाळ पाठवली असती हो, पण शिजवायला पाणी कुठं होतं? जे होतं ते तुमचंच. बाकी ते उपकार विसरलेलो नाही. आमच्या गल्लीत पहिल्या गाडीच्या दिवशी लोकांनी स्टेशनावर जाऊन वाघिणींना हात लावून पाहिला होता.

मिरजमेल
आता असं बोललात तर विनोद करायचे कसे?

हौशी_अभियंता
काकू, आधी पितळी भांडी वापरायला काढणार असाल तर कल्हई बघून घ्या. बरीच वर्षं माळ्यावर असलेल्या भांड्यांची कल्हई जागोजागी गेलेली असते. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. त्यात ताक, चिंचेची आमटी, टोमॅटो असलं आंबट ठेवलं की पदार्थ कळकतो, आणि ते पोटाला चांगलं नाही. कथलाचा पातळ थर मधे आला की आंबटाचा धातूशी संबंध येत नाही, एवढंच कल्हईचं काम. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून कल्हईवाल्याचा तो छोटा भाता पुरतो. नवसागर टाकला की पांढरा धूर येतो आणि तळ स्वच्छ होतो, मग कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवायचं. लहानपणी आम्ही तो धूर बघायला शाळा बुडवायचो.

आता मूळ मुद्दा. नावांचे फोटो इथं टाका, कुणीतरी ओळखेल.

कृष्णाकाठची
फोटो नको रे बाबा. लोकांची नावं, माहेरची आडनावं, लग्नाच्या तारखा सगळं कोरलेलं असतं त्यावर. सगळ्यांवरच नुसती आद्याक्षरं असती तर टाकली असती. कल्हईचं मात्र बरं सांगितलंस. सासूबाई म्हणायच्या, नवी कल्हई केलेल्या पातेल्यात पहिल्यांदा दूध तापवायचं. का ते त्यांनीही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

जुनी_पेठ
थांबा, एक महत्त्वाची गोष्ट राहतेय. भांड्यावरचं नाव मालकाचंच असतं असं कुणी सांगितलं?

आमचं भांड्यांचं दुकान होतं. बाहेर पायरीवर नावं घालणारा बसायचा, आधी छिन्नी-हातोडीनं ठिपके ठिपके मारून, पुढं विजेचं मशीन आलं आणि दिवसभर ती करकर. अक्षरावर पैसे. म्हणून घरच्या भांड्यांवर लोक नुसती आद्याक्षरं घालत, काटकसर! पूर्ण नाव, गाव, तारीख असं लांबलचक असेल तर ते बहुतेक आहेराचं भांडं, आणि नाव देणाऱ्याचं. शेवटी 'यांजकडून' किंवा 'सप्रेम भेट' असेल तर शंकाच नाही. लहान वाट्या, चमचे, करंडे यांवर एकट्या बाईचं नाव असेल तर ते संक्रांतीचं वाण. वाण परत करायचं नसतं! 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असेल तर तेही वाटलेलंच.

तेव्हा काकू, आधी तीन ढीग करा. आद्याक्षरांची वेगळी, 'कडून'वाली वेगळी, वाण आणि स्मरणार्थ वेगळी. परत करण्याजोगा खरा ढीग पहिलाच. दुसऱ्या ढिगात शोधायचं ते घेणाऱ्याला, ते अवघड.

उंबरठा
जुनी_पेठ यांना दंडवत. आमच्याकडं एका दूरच्या आजोबांच्या स्मरणार्थ आलेल्या वाट्या आहेत. श्रीखंड संपत आलं की तळाशी 'कैलासवासी' दिसायला लागतं. लहानपणी भाऊ म्हणायचा, आजोबा आले, आता पुरे.

खमंग_भडंग
आमच्या घरी एक मोठं पातेलं आहे, त्यावर गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाचं नाव आहे. नाव अशासाठी घातलेलं की कुणी घरी नेऊ नये. वडील मंडळाचे खजिनदार होते. पुढचं विचारू नका.

तासगाव_बेदाणा
आवो काकू, कशाला येवढा इचार? भांडं घ्या, पिशवीत घाला, जावा की घरी. आमच्या आईनं असंच केलं. आजोळच्या शेजारणीची कळशी व्हती, तीस वर्सं आमच्याकडं. घिऊन गेली तर म्हातारी म्हनली, "कळशी ऱ्हाऊंदे, तू किती वाळलीस गं." आन दोन दिस ठिवून घेतली तिला. कळशी परत आमच्याकडंच हाय.

दुसरी_सून
सगळे इतके हळवे झालेत म्हणून एक वेगळं लिहिते. काकूंचा अनादर करायचा नाही.

मी ज्या घरात आले तिथं ही वाट्यांची ये-जा जोरात होती. समोरून वांग्याचं भरीत आलं (कृष्णाकाठचीच वांगी, चव काय सांगू), की सासूबाई खूश. आणि रात्री साडेनऊला मला सांगायच्या, 'वाटी रिकामी जाता कामा नये, जरा सांडगे तळ.' सकाळी पाचला उठलेली मी. ज्या बायका ही देवाणघेवाण आठवून डोळे पुसतात त्यांच्या मागं एक धाकटी सून उभी असायची, तिला कुणी विचारलंय का? आणि त्या वाटीबरोबर निरोपही जायचे-यायचे. कुणाची पोळी जाड झाली, कुणाचं भरीत खारट, कुणाच्या घरी नवरा-बायको बोलत नाहीत. माझं पहिलं मूल गेलं ते वाड्यात सगळ्यांना माझ्याआधी कळलं होतं, असं मला वाटायचं. दार उघडं ठेवायचं म्हणजे रडायलाही जागा नाही.

आता फ्लॅटमध्ये दार लावून घेते आणि चहा एकटी पिते. मला आवडतं ते.

उंबरठा
दुसरी_सून, +१. आणि मुलाचं वाचून वाईट वाटलं.

पुण्यात_अडकलेला
हा प्रतिसाद वाचून मी माझ्या आईला फोन केला. तीही धाकटी सून. म्हणाली, 'सांडगे नव्हे, माझ्या नशिबी कुरडया होत्या.'

कृष्णाकाठची
दुसरी_सून, बाई, खरं आहे तुमचं. मीही धाकटीच होते. पण एक सांगू? माझ्या पहिल्या बाळंतपणानंतर मला माहेरी नेणारं कुणी नव्हतं, आई लवकर गेली होती. तेव्हा वाड्यातल्या पाच घरांतून आळीपाळीनं अळिवाची खीर, डिंकाचे लाडू आले. त्या घरांतल्या धाकट्या सुनांनीच केले असणार ते, तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, आज तुमचं वाचून आलं. एकीचं सुख दुसरीच्या पाठीवर, असंच होतं. तुम्ही चहा एकटीनं प्या, निवांत प्या. मला मात्र एकटीनं चहा गोड लागत नाही.

निळी_शाई
मी इथं सहसा लिहीत नाही. हा धागा वाचून राहवलं नाही.

माझी आजी वाळव्याकडच्या एका गावात मोठ्या वाड्यावर कामाला जायची. अंगण झाडणं, शेणकूट, धान्य पाखडणं. सणाला तिलाही पुरणपोळी मिळायची, पण वाटीतून नाही. पदरात, नाहीतर केळीच्या पानावर, तेही वरून टाकून. आमटी घ्यायला भांडं घरून न्यावं लागायचं, आणि त्यात वरून धार धरून ओतायचे. तुमच्या या फिरत्या वाट्यांच्या साखळीत आमच्या घरची वाटी कधी नव्हती. चहाचा एक कान तुटलेला कप परड्यात खुंटीला असायचा, तो तिचा. धुवायचाही तिनंच.

माझ्या घरी तिचा एक जर्मनचा डबा आहे. त्यावर नाव नाही, कारण तो कुणाच्या घरी जाणारच नव्हता. गावातल्या गोडव्याबद्दल लिहिताना हेही लिहिलं जावं, एवढंच.

शिस्तप्रिय
प्रत्येक धाग्यात जात आणायची गरज आहे का? छान आठवणी चालल्या होत्या.

जुनी_पेठ
@शिस्तप्रिय, त्यांनीही आठवणच लिहिली आहे.

कृष्णाकाठची
शिस्तप्रिय, राहू द्या त्यांना लिहू. खरंच लिहिलंय. आमच्या वाड्यातही मागच्या दाराशी तसा कप होता, सासूबाई असेपर्यंत होता. कुणी काढला, कधी काढला, आठवत नाही. एक दिवस खुंटी रिकामी होती. त्याबद्दल घरात कुणी बोलल्याचंही आठवत नाही. बाकीचं सगळं मला तारीखवार आठवतं, आणि हे नाही, याचं काय करायचं?

निळी_शाई, तुमच्या आजींचं नाव घाला त्या डब्यावर. आता घाला.

निळी_शाई
घालतो.

आवर्तन
२०१९ च्या पुराचा विषय निघालाच आहे तर सांगतो, मुळात हे सगळं आलमट्टीमुळं. धरणाची उंची वाढवायची आणि खालून पाणी सोडायचं नाही...

हौशी_अभियंता
झालं सुरू. कोयना, वारणा, स्थानिक पाऊस, नदीपात्रातली अतिक्रमणं, यातलं काहीच नाही का? एकट्या आलमट्टीवर किती दिवस ढकलणार?

आवर्तन
तुम्ही विसर्गाचे आकडे बघितलेत का?

संपादक
आलमट्टीवर दोन धागे आधीच चालू आहेत. तिकडं जा. इथं भांडी.

खमंग_भडंग
भांडी असतील तिथं भांडणं होणारच, साहेब.

अजिंक्यताऱ्याखाली
साताऱ्याहून लिहितोय. पुराचं वाचलं आणि आमचा भूकंप आठवला. माझं बालपण पाटण तालुक्यातलं. ११ डिसेंबर १९६७, पहाटे सव्वाचारच्या पुढं. मी दहा वर्षांचा. आधी आवाज आला, मग जमीन. घरात उतरंड होती, मातीच्या मडक्यांची, धान्यानं भरलेली, ती सगळी अंगावर आली. वरच्या फळीवरची तांब्या-पितळेची भांडी एकामागोमाग खाली पडत होती. तो खणखणाट अजून कानात आहे. आज कुणाच्या हातून ताट पडलं तरी माझा हात आधी शेजारच्याचं मनगट धरतो. बायकोला सवय झाली आहे.

बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि आत जायची कुणाची छाती नाही, कारण नंतरही धक्के बसत होते. बरेच दिवस आख्खी वाडी शेतात झोपली. तिथं चूल एकच. ज्याच्या ढिगाऱ्यातून जे निघेल त्यात शिजवायचं, कुणाचं पातेलं, कुणाची पळी. माझी आई कुणाच्या घरात पाणीही प्यायची नाही, सोवळं फार. त्या शेतात तिनं सगळ्यांच्या हातचं खाल्लं. घरं पुन्हा उभी राहिल्यावर तिचं सोवळंही पुन्हा उभं राहिलं, अगदी पहिल्यासारखं. तेव्हा संकटात माणसं बदलतात वगैरे मी फारसं मानत नाही. थोडे दिवस बदलतात.

निळी_शाई
अजिंक्यताऱ्याखाली, शेवटच्या तीन वाक्यांसाठी धन्यवाद.

हरिपूरची_वाट
साठवण म्हटलं की आमचं हरिपूर आलंच. आमच्या इथं हळद जमिनीत पेवात ठेवायचे. माणूस आत उतरेल एवढी खोल, तोंडाशी अरुंद, आत प्रशस्त. वरून बंद करायचं, आत कीड लागत नाही की रंग उडत नाही, वर्षानुवर्षं हळद टिकते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळे पेवांचं कौतुक सांगत होते, पण २००५ च्या पुरातच त्यांतली बरीच पाण्यानं गेली. माझ्या आज्याकडं पेव उघडायचं काम असायचं. उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आतली हवा विषारी. दिवा सोडून बघायचे, विझला तर थांबायचं.

भांड्यांशी याचा संबंध नाही, पण लिहावंसं वाटलं.

मिरजमेल
संबंध आहे. काकूंचा माळाही उघडल्यावर थोडा वेळ थांबायला हवं होतं.

कृष्णाकाठची
मंडळी, जुनी_पेठ यांच्या सांगण्यावरून तीन ढीग केले. वाणाचा ढीग सगळ्यात मोठा निघाला, तो सूनबाईनं कामवाल्या मावशींना आणि खालच्या वॉचमनच्या बायकोला विचारून, हवं ते त्यांना निवडू दिलं. स्मरणार्थ वाट्या मी ठेवून घेतल्या, कारण त्या माणसांना मी ओळखत होते.

आद्याक्षरांची भांडी घेऊन काल माधवनगरला गेले, मुलानं गाडीतून सोडलं. पातेल्यात शेंगदाण्याची चटणी भरून नेली. ज्यांचं पातेलं त्या आता नाहीत, सून होती. तिनं नाव वाचलं, म्हणाली, "सासूबाईंचंच." आणि लगेच पुढं, "यांची एक पितळी परातही होती, मोठी, ती नाही का आली तुमच्याकडं?" मी नाही म्हटलं. तिचा विश्वास बसला नसावा, कारण निघताना पुन्हा विचारलं. घरी पोचले तर कुपवाडहून फोन, आमचा अडकित्ता तुमच्याकडं आहे असं कळलं. कुणी कळवलं? माधवनगरनं! एक पातेलं दिलं आणि माझ्या नावावर परात, अडकित्ता आणि एक पुरणयंत्र लागलं.

पुण्यात_अडकलेला
मी काय म्हणत होतो? मोडीत.

तासगाव_बेदाणा
काकू, तुमची भांडी त्येंच्याकडं असतील ती मागितली का न्हाई? हिशेब दोन्हीकडनं पायजे.

कृष्णाकाठची
हो हो, दिसली की! माधवनगरच्या ओट्यावर आमचा दुधाचा गंज होता, 'वि. ना.' माझ्या सासऱ्यांची अक्षरं. त्यात मीठ भरलेलं. मी बघितला आणि काही बोलले नाही. रोज वापरात आहे, चकचकीत ठेवलाय. आमच्याकडं पोत्यात पडला असता.

येताना गाडीत विचार करत होते. नाव कशाला घालायचे आपण? चोर काही नाव वाचून सोडून देत नाही. भांडं घराबाहेर जाणारच, चार घरं फिरणारच, हे धरूनच नाव घालत होतो ना? कुणाला द्यायचंच नसतं तर नाव कशाला लागलं असतं? माझ्या सुनेच्या एकाही भांड्यावर नाव नाही. तिच्याकडून कुणाकडं काही गेलं तर ते प्लास्टिकच्या डब्यातून जातं, आणि डबा परत नको म्हणून सांगते. सोयीचं आहे. परत करायचं नाही म्हणजे परत यायचंही नाही.

दुसरी_सून
काकू, शेवटचं वाक्य मला लागलं. पण डबा परत नको म्हणण्यात एक चांगुलपणाही आहे, समोरच्या बाईवर रात्री साडेनऊला काही तळायची वेळ येत नाही. तुमच्या सूनबाईंच्या वतीनं लिहिते.

कृष्णाकाठची
वाचून दाखवलं तिला. तुमचा आयडी तिनं लिहून घेतलाय. माझ्याविरुद्ध गट तयार होतोय असं दिसतं.

सातसमुद्रापार
गेली बरीच वर्षं अमेरिकेत आहे. येताना आईनं एक पितळी डबा दिला होता, मी वजनाला घाबरून विमानतळावरच भावाकडं परत दिला. इथं कुणाच्या घरी जेवायला गेलं की रिकाम्या हातानं जात नाही, पण भांडं कागदाचं, तिथंच टाकायचं. शेजारच्या मेक्सिकन बाईंनी एकदा काचेच्या भांड्यातून तामाले पाठवले. मी ते भांडं साखरपोळ्या घालून परत केलं. तिला काय कळलं कोण जाणे, पण तेव्हापासून ते भांडं येतंय-जातंय. आता ते नक्की कुणाचं यावर आमच्या दोन्ही घरांत मतभेद आहेत.

खमंग_भडंग
नाव घाला त्यावर. मराठीत आणि स्पॅनिशमध्ये. अक्षराला पैसे पडतील.

उंबरठा
काकू, कुपवाडच्या अडकित्त्याचं काय झालं? आणि पत्ता नसलेल्या बिऱ्हाडाचं?

कृष्णाकाठची
पत्ता नसलेल्यांचा पत्ता लागला. वाड्यातली सगळ्यात थोरली जाणती बाई ती, आम्ही सगळ्या तिला वहिनी म्हणायचो. मिरजेला लेकीकडं असते, नव्वदीला आली आहे. लेकीनं फोनवर आधीच सांगितलं, "आईला आता माणसं ओळखू येत नाहीत, वाईट वाटून घेऊ नका."

तिचा उभा पितळी डबा माझ्याकडं होता, कडी असलेला. कल्हई करून घेतली आणि तिच्या आवडीच्या दशम्या घातल्या, गुळाच्या, दुधात भिजवलेल्या. गेले. वहिनी खुर्चीत बसलेली. मला विचारलं, "कोण?" सांगितलं. मान हलवली. परत विचारलं, "कोण?" पुन्हा सांगितलं. असं चाललं होतं. मग मी डबा मांडीवर ठेवला. तिनं तो फिरवून बघितला, नावावर बोट ठेवलं, उघडला, दशमी मोडून खाल्ली. आणि माझ्याकडं बघून अगदी चौकात बोलायची त्या आवाजात म्हणाली, "याला आत एक थाळी होती. थाळी कुठंय?"

लेक हसायला लागली. मी पण. डब्याच्या आत भाजी-पोळी वेगळी राहावी म्हणून एक खोलगट थाळी बसायची, खरंच होती, मी विसरले होते. नंतर तिनं पुन्हा मला "कोण?" विचारलं. थाळीचं मात्र निघेपर्यंत तीनदा विचारलं.

जुनी_पेठ
अशा डब्यांच्या थाळ्या सुट्या मिळत नाहीत आता. पण माप पाठवा, व्यास आणि खोली. आमचा जुना कारागीर अजून हातानं ठोकून देतो, माझ्याकडून करून पाठवतो. पैशांचं बोलू नका.

कृष्णाकाठची
माप लेकीकडून घेऊन पाठवते. पण थाळी शोधायची आहे अजून, पोत्याच्या तळाशी बऱ्याच झाकण्या, ताटल्या आहेत. अडकित्ता सापडला, आमच्याच सुपारीच्या डब्यात होता. कुपवाडला कळवलं आहे, पुढच्या आठवड्यात नेते.

दुसरी_सून
काकू, कुपवाडला मी येऊ का तुमच्याबरोबर? मी कॉलेज कॉर्नरला राहते, गाडी आहे. अट एकच, तळलेलं काही न्यायचं नाही.

कृष्णाकाठची
या. शेंगदाण्याचे लाडू नेऊ. कांडायला मिक्सर आहे.

मिरजमेल
थाळीचं माप मिरजेतून मीच घेऊन येतो, पत्ता खासगी निरोपात द्या. मोजपट्टी आहे, आणि दशम्या उरल्या असतील तर त्याही बघतो.

पुण्यात_अडकलेला
कळवण्यास खेद होतो की हा धागा मी आईला वाचायला पाठवला. तिनं सकाळपासून पोटमाळा खाली काढलाय. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही, बाबा गॅलरीत पेपर वाचतायत, आणि जेवण बाहेरून मागवलंय. आत्ता एक गडू हातात घेऊन विचारतेय, 'द. शं.' म्हणजे बुधगावची आत्या की तिची जाऊ? कुणाला माहीत असेल तर लवकर सांगा.